सदरं बंद, नोटिसाही बंद: अंत्रुजातल्या एका वाचकाचं प्रकरण

फोंडा तालुका, म्हणजे अंत्रूज महाल. घर कवळे पंचायतीतलं. माणसं चार: निवृत्त शिक्षक भाई, त्यांच्या पत्नी (शेजारपाजार त्यांना काकी म्हणतो), पणजीला रोज बसने ये-जा करणारी मुलगी आणि कॉलेजातला मुलगा. घरात बोलणं कोकणीत, वाचणं मराठीत, आरती मराठीत आणि भांडण दोन्ही भाषांत. गोव्यात अशी घरं गल्लोगल्ली सापडतात. दोन-तीन घरांत दिसलेली लक्षणं इथे एका घराची म्हणून मांडली आहेत. कायदे, मुदती आणि इतिहासातले आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

भाईंचा रोजचा खुराक ठरलेला होता. सकाळी चहासोबत दोन मराठी दैनिकं आणि त्यांतली दोन राजकीय सदरं. दुपारी मोबाइलवर दोघांचं लेखन, एक मराठीवादी, दुसरा कोकणीवादी. रात्री यूट्यूबवर राजकीय भाष्याचा एक कार्यक्रम, आणि मधल्या वेळेला व्हॉट्सॲपवरची दोन चॅनल. 2025 च्या चतुर्थीनंतर आठ दिवसांत त्यांनी हे सगळं सोडलं. सोडलं ते नीट सोडलं नाही, आणि जे सोडायला नको होतं तेही सोबत गेलं.

वादाची मुळं

भाईंचे वडील फुलाचे, काकींचे वडील दोन पानांचे. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण हवं असणाऱ्यांची निशाणी फूल होती आणि संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) राहावा म्हणणाऱ्यांची दोन पानं. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मतं पडली, विरोधात 1,72,191. फरक 34,021 चा. एवढ्या फरकाने हरलेली बाजू विरून जात नसते. ती घराघरांत बसून राहते, सोयरीक जुळवताना तेवढी थोडा वेळ गप्प होते.

पुढचा टप्पा 1987 चा. 4 फेब्रुवारीला विधानसभेने राजभाषा कायदा केला. कोकणी राजभाषा झाली, आणि कायद्यातली कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी. मराठीचा वापर सर्व किंवा कोणत्याही सरकारी कामासाठी करता येईल, अशी सोय त्याच कायद्यात ठेवली गेली. आजचा सगळा वाद या ‘राजभाषा’ आणि ‘वापर करता येईल’ यांच्यामधल्या फटीतला आहे. मराठीवाद्यांना ती फट बुजवून हवी आहे, कोकणीवाद्यांना तिला हात लावलेला नको, आणि रोमी (रोमन) लिपीत कोकणी लिहिणारे विचारतात की आमची कोकणी या कायद्यात कुठे बसते. 2025 मध्ये मराठीला राजभाषेचा दर्जा द्या ही मागणी पुन्हा जोरात आली आणि वर्तमानपत्रांतली जवळजवळ सगळी राजकीय सदरं तिकडे वळली.

इथे एक गोष्ट बहुतेक वाचक विसरतात, भाईही विसरले होते. कौलाच्या काळात विलीनीकरणाविरुद्धचा सगळ्यात तिखट युक्तिवाद मडगावच्या ‘राष्ट्रमत’मधून होत होता, आणि ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिक. म्हणजे कोकणीची बाजू मराठीतून लढवली गेली. 2011 मध्ये प्राथमिक स्तरावरच्या इंग्रजी शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला तेव्हा शशिकला काकोडकर आणि उदय भेंब्रे भारतीय भाषा सुरक्षा मंचात एकाच बाजूला होते. एक मगोच्या, म्हणजे विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, माजी मुख्यमंत्री, दुसरे कोकणी चळवळीतले बिनीचे लेखक. लेखकांची आणि वाचकांची विभागणी भाषेवर कधीच इतकी सरळ नव्हती. भाईंच्या कपाटात दोन्ही बाजूंची कात्रणं आहेत आणि ती एकाच सुतळीने बांधलेली आहेत.

सोडण्याचं कारण

आम्हाला वाटलं होतं, भाई मराठीवादी, तेव्हा त्यांनी कोकणीवादी लेखक सोडला असेल. उलटंच झालं. आधी गेला तो त्यांच्याच बाजूचा, पंधरा वर्षं आवडीने वाचलेला सदरकार. त्याचं मत बदललं नव्हतं. बदलली होती ती त्याची भाषा. समोरच्या बाजूचं काय चुकतं हे लिहिणारा माणूस समोरची माणसं कशी आहेत हे लिहू लागला होता.

चतुर्थीला मूळ घरात सगळे भाऊबंद जमले होते. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधून झालेली, घुमटं (आरतीला वाजवायची मातीची वाद्यं) तापवून ठेवलेली, आरतीला अजून वेळ होता. काकींच्या भावाने कुटुंबाच्या ग्रुपवर त्या सदराचा फोटो टाकला, एका वाक्याखाली लाल रेघ ओढून. पुढे बोलला, “भाई, तुजो लेखक किदें बरयता पळय मरे.” त्यातला ‘तुजो’ भाईंना लागला. लेखक काय लिहितो याची जबाबदारी वाचकावर आली होती. आरती मराठीतच झाली, नेहमीच्याच चालीत. पण काकी दोन दिवस कमी बोलल्या.

राजकीय लेखन सोडणाऱ्यांच्या बाबतीत हे फार वेळा दिसतं. लेखकाचं मत पटत नाही म्हणून सहसा कोणी वाचणं थांबवत नाही. न पटणारं वाचायची खाज असतेच. वाचणं थांबतं ते आपल्या माणसांसमोर त्या लेखकाची लाज वाटायला लागते तेव्हा. अशा वेळी तोडण्याचा निर्णय रागाच्या भरात होतो, आणि रागाच्या भरात माणूस मुळासकट उपटतो.

काय बंद केलं, कसं बंद केलं

दैनिकं. भाईंनी पेपरवाल्याला रस्त्यात गाठून “उद्यापासून टाकू नको” म्हटलं. तारीख महिन्याच्या मध्याची. बिल महिन्याअखेर येतं आणि वहीत खाडा लिहिलेला नसतो, त्यामुळे पूर्ण महिन्याचे पैसे लागले. पेपर बंद करायचा तर महिना संपायच्या दोन-तीन दिवस आधी सांगावं, दोन्ही पेपरांची नावं घेऊन सांगावं आणि त्याच्या वहीत आपल्यासमोर लिहून घ्यावं. रक्कम किरकोळ आहे, पण त्या बिलावरून घरात जो विषय पुन्हा निघाला तो किरकोळ नव्हता.

यूट्यूब. वर्गणी काढली म्हणजे चॅनल दिसायचं थांबतं, असा समज. चार दिवसांत तोच भाष्यकार पुन्हा पहिल्या पानावर. कारण शिफारशी वर्गणीवर जेवढ्या चालतात त्याहून जास्त पाहण्याच्या इतिहासावर चालतात. त्यातून भाई रात्री अकराला ‘हा आता काय बोलतो बघू’ म्हणून दहा मिनिटं बघायचे. रागाने बघितलेली दहा मिनिटं आणि प्रेमाने बघितलेली दहा मिनिटं, यंत्राला दोन्ही सारखीच. योग्य क्रम असा: आधी पाहण्याच्या इतिहासातून त्या विषयाचे व्हिडिओ काढायचे, मग शिफारशीत आलेल्या व्हिडिओच्या तीन ठिपक्यांवर जाऊन हे चॅनल सुचवू नको हा पर्याय निवडायचा, आणि निदान पंधरा दिवस त्या नावाने शोध घ्यायचा नाही. तिसरी पायरी बहुतेकांना जमत नाही. ती न जमल्यास पहिल्या दोन वाया.

व्हॉट्सॲप. चॅनल सोडलं तर कोणाला कळत नाही, तिथे अडचण नव्हती. भाईंनी रागात कुटुंबाचा ग्रुपही सोडला, तो मात्र अंगाशी आला. ग्रुप सोडल्याची सूचना आता फक्त ॲडमिनला जाते, पण ग्रुपच्या माहितीत गेलेल्या सदस्यांची यादी 60 दिवस कोणालाही उघडून बघता येते. ॲडमिन होत्या धाकट्या वहिनी. अर्ध्या तासात सगळ्या वाड्याला कळलं. ग्रुप नकोसा झाला असेल तर तो कायमचा म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाकावा. नवा मेसेज आला तरी तो वर उसळत नाही, आणि लग्नाचं आमंत्रण बघायला हवं तेव्हा उघडता येतो.

फेसबुकवर मुलाने त्यांना दोन लेखकांना ‘स्नूझ’ करून दिलं. ही सोय 30 दिवसांची असते. मुदत संपली की लेखन आपोआप परत दिसू लागतं. चिडलेल्या वाचकाला हा उपाय सगळ्यात सोयीचा. ही 30 दिवसांची मुदत लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

पहिली तक्रार स्वयंपाकघरातून

पेपर बंद झाल्याची झळ आधी काकींना लागली. त्यांनी राजकीय सदर आयुष्यात कधी वाचलेलं नाही. त्या वाचत होत्या निधनवार्ता, वीज कुठल्या भागात किती ते किती बंद राहणार ती सूचना, जत्रेतल्या नाटकांच्या जाहिराती. आठवड्याभरात बांदोड्याच्या एका लांबच्या नातेवाइकांच्या निधनाची बातमी चुकली. बाराव्याचा दिवस उलटून गेल्यावर समजलं. गोव्यात निधनवार्ता चुकणं ही किती नामुश्कीची गोष्ट असते हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. “तुमचो राग तुमच्या लेखकाचेर, म्हज्या पेपराचेर कित्याक?” काकींचा सवाल रास्त होता, आणि प्रकरणाचं अर्धं निदान त्यातच होतं.

पेपर हे एका माणसाचं वाचन नसतं. सदर म्हणजे त्यातली एक पट्टी. भाईंनी पट्टीवरच्या रागापायी अख्खा कागद घराबाहेर काढला होता. मात्र एक पेपर ठेवून सदराचं पान दुमडून द्यायचं, हा उपाय त्या वेळी सुचवणाऱ्या मुलीला त्यांनी “दुमडलेलं पान आधी उघडलं जातं” असं उत्तर दिलं होतं. तेही खरं.

खरी चूक: जमिनीची नोटीस

नगर आणि ग्राम नियोजन कायद्यात 2024 मध्ये 39अ हे कलम आलं. जमीनमालकाने अर्ज केला तर त्याच्या तुकड्यापुरता प्रादेशिक आराखड्यातला विभाग बदलता येतो. आराखड्यात भातशेती किंवा बागायत दाखवलेला सर्व्हे नंबर यातून वस्तीच्या विभागात जाऊ शकतो. त्यासाठी राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना येते, आणि लोकांना सूचना-हरकती मांडायला 30 दिवस मिळतात.

भाईंच्या घरामागे बांध ओलांडला की शेत. त्याला लागून असलेल्या एका सर्व्हे नंबराची सूचना पेपर बंद असतानाच्या दिवसांत आली. भाईंना कळलं तेव्हा मुदतीचे सहा दिवस उरले होते. सांगणारा शेजारी तोच सोडलेला सदरकार वाचत होता.

हा माणूस आठवड्याला दोन लेख लिहायचा. मुलीने नंतर नेटवरून त्याचे चार आठवड्यांचे आठ लेख काढले आणि पेन्सिलीने प्रत्येक परिच्छेदासमोर एक अक्षर लिहिलं: खबर असेल तर ख, मत असेल तर म, कुणाला चिमटा असेल तर च. आठांपैकी सहा लेख भाषेच्या वादावर होते, आणि त्यांच्या समासात म आणि च यांची नुसती रांग. उरलेले दोन जमिनीवर. त्यांत गावाचं नाव, सर्व्हे नंबर, किती चौरस मीटर, कुठल्या विभागातून कुठल्या विभागात, सगळं ओळीने. समास ख ने भरलेला. भाई पंधरा वर्षं या माणसाला वाचत होते ते कशासाठी, हे त्या पेन्सिलीच्या अक्षरांनी दाखवलं. गंमत अशी की कोकणीवादी लेखकाच्या लेखांचीही हीच वाटणी निघाली. भाषेवर दोघं एकमेकांची तोंडं बघणार नाहीत, आणि जमिनीच्या याद्या दोघांच्या जवळजवळ सारख्याच.

आता त्या 30 दिवसांबद्दल. फेसबुकचं स्नूझ 30 दिवसांचं, हरकतीची मुदतही 30 दिवसांची. ज्या दिवशी सूचना निघाली त्याच सुमाराला स्नूझ दाबलं असेल तर लेख परत दिसेपर्यंत मुदत गेलेली असते. यात कोणाचा डाव नाही, नुसता योगायोग आहे. पण गोव्यातल्या वाचकाला तो महागात पडू शकतो.

सहा दिवसांत काय केलं

पहिल्या दिवशी सूचनेची मूळ प्रत मिळवली. लेखातला सर्व्हे नंबर आणि राजपत्रातला नंबर ताडून बघितला. हे करावंच लागतं, कारण नोंद एका उपविभागाची असते आणि लिहिणाऱ्याकडून तेवढाच आकडा गळतो. हरकत चुकीच्या उपविभागावर गेली तर ती बाजूला पडायला तेवढं निमित्त पुरतं.

मग फॉर्म एक व चौदा काढला. त्यात जमीन कोणाच्या नावावर, कुळाची नोंद आहे का, पीक काय, हे कळतं. कुळाची नोंद महत्त्वाची, कारण कुळाच्या शेतजमिनीचा वापर बिगरशेतीसाठी करायला 1991 च्या जमीन वापर कायद्याची आडकाठी आहे. त्याच बैठकीत प्रादेशिक आराखडा 2021 मधला तो तुकडा कुठल्या रंगात आहे हे नकाशावर पाहून घेतलं.

हरकतीचं पत्र एका पानाचं. भाईंनी पहिला मसुदा साडेतीन पानांचा लिहिला होता, त्यात 1967 पासूनचा इतिहास होता. मुलीने तो काढून टाकला. उरलं ते एवढं: गाव, तालुका, सर्व्हे नंबर आणि उपविभाग, सूचनेची तारीख, आजचा विभाग, प्रस्तावित विभाग, आणि तीन कारणं. पावसाचं पाणी कुठल्या बाजूने वाहतं आणि भराव पडल्यास कोणाच्या शेतात तुंबेल, रस्त्याची रुंदी किती, जवळची विहीर किती मीटरवर. हरकतीत ‘निसर्गाचा ऱ्हास’ लिहिण्यापेक्षा ‘पूर्वेकडचा ओहोळ या तुकड्यातून वाहतो’ हे लिहिलेलं बरं, कारण दुसरं वाक्य जागेवर जाऊन तपासता येतं. सोबत चार फोटो, मागे तारीख लिहून. दोन प्रती. पणजीत नगर नियोजन खात्याच्या कार्यालयात एक देऊन दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि नंबर घेतला. शिक्क्याची प्रत हातात नसेल तर हरकत दिली होती हे नंतर कोणी मानत नाही.

पत्रावर सह्या सतरा झाल्या. पहिली सही काकींच्या ओळखीच्या, वाड्यावरच्या कट्टर कोकणीवादी गृहस्थांची. त्यांनी पत्र कुठल्या भाषेत आहे ते विचारलं नाही. पत्र इंग्रजीत होतं.

पुन्हा बांधलेला खुराक

प्रकरण इथे हातात आलं, तेव्हा ‘परत वाचायला लागा’ असा सल्ला देण्यात अर्थ नव्हता. भाईंचा राग खोटा नव्हता, आणि त्या लेखकाची भाषा आजही तशीच आहे. प्रश्न फक्त एवढाच होता की लेखकाकडून जे मिळत होतं ते दुसरीकडून कसं मिळवायचं.

खबर मुळातूनच घ्यायची ठरली. राजपत्र सहसा गुरुवारी निघतं, तातडीचं असेल तर मधल्या वारीही, आणि सरकारी छापखान्याच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येतं. ग्रामसभेच्या साध्या बैठका जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांत रविवारी होतात. भिंतीवरच्या कालनिर्णयात या चार महिन्यांचे रविवार लाल पेनाने घेरून ठेवले आहेत. मतदारसंघातल्या कामांसाठी आमदारांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांना मंत्र्यांनी दिलेली लेखी उत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावर मिळतात. कंटाळवाणं वाचन आहे, पण सदरकारही तिथूनच उचलतो.

मत आठवड्यातून एकदा, रविवारी, कागदावर. दोन्ही बाजूंचा एकेक लेख, मुलगी छापून आणते. मोबाइलवर नाही, कारण मोबाइलवरचा लेख संपत नाही, खाली दुसरा सुरू होतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या लेखाला दोन बाणांची खूण असेल, म्हणजे तो पाच किंवा जास्त हातांतून फिरून आला असेल, तर तो वाचायचा नाही असा नियम घरात केला आहे. नियम मुलगा पाळतो. भाई बहुतेक वेळा पाळतात.

तिसरी गोष्ट अवघड होती. सदर म्हणजे भाईंना सोबत होती. देवळाकडच्या कट्ट्यावर संध्याकाळी ‘आज त्याने काय लिहिलंय’ यावरच बोलणं सुरू व्हायचं. सदर गेलं तसा कट्ट्यावर बोलायला विषयच राहिला नाही, आणि भाई घरात बसू लागले. हे सगळ्यात उशिरा लक्षात आलं, आणि यावर कुठली युक्ती सापडली असंही नाही. हरकतीच्या सह्या गोळा करायला फिरावं लागलं म्हणून ते पुन्हा कट्ट्यावर गेले, इतकंच. कुटुंबाच्या ग्रुपवर त्यांना वहिनींनी परत घेतलं, दिवाळीच्या फोवांचे (पोह्यांचे) फोटो पडायच्या आदल्या दिवशी.

एक दैनिक पुन्हा सुरू आहे. ते आधी स्वयंपाकघरात जातं, निधनवार्ता वाचून झाल्या की बाहेर येतं. सोडलेल्या सदरकाराला भाई अजून वाचत नाहीत.

गुरुवारी रात्री जेवणं झाली की मुलगी राजपत्राची पीडीएफ उघडते. पहिल्या दोन गुरुवारी शोधात काहीच सापडलं नाही आणि सगळे निर्धास्त झाले होते. नंतर कळलं की ती गावाचं नाव उच्चाराप्रमाणे रोमी अक्षरांत टाकत होती, के-ए-व्ही-ए-एल-ई. राजपत्रात कवळे तसं लिहीत नाहीत. तिथे ते पोर्तुगीज वळणाने येतं, क्यू-यू-ई-यू-एल-ए. मडकई एम-ए-आर-सी-ए-आय-एम, कुंडई सी-यू-एन-डी-ए-आय-एम. आता फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद आहे. त्यावर आजूबाजूच्या अकरा गावांची नावं तीन रकान्यांत लिहिली आहेत: मराठीत कसं लिहितात, कोकणीत कसं लिहितात आणि सरकार कसं लिहितं. पहिल्या दोन रकान्यांत फरक फार थोड्या ठिकाणी आहे.